पाळी येत नाही, पण दर महिन्याला पोट दुखतं: मुलींमधले जन्मजात दोष, ऑपरेशन आणि त्याची वेळ

पोरगी पंधरा वर्षांची झाली, अंगानं भरली, उंची वाढली, पण पाळी काही आली नाही. अशा वेळी आमच्या भागात दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणजे "येईन ना, तिच्या मावशीलेही उशिराच आली होती" असं म्हणत वर्षं काढायची. दुसरी म्हणजे लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर एकदम जाग यायची आणि "डॉक्टर, अक्षयतृतीयेच्या आत काय ते करून टाका" म्हणत गाडी करून नागपूर गाठायचं. दोन्ही नडतात. काही मुलींचं ऑपरेशन चार दिवससुद्धा पुढे ढकलू नये. काहींचं चार वर्षं थांबलं तरी काही बिघडत नाही. बऱ्याच जणींना ऑपरेशन लागतच नाही. तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगाचं काम करताना माझा निम्मा वेळ हीच घाई आणि हाच उशीर योग्य जागी नेण्यात जातो.

आधी दोष समजून घ्या

आईच्या पोटात असताना मुलीच्या शरीरात दोन बारीक नळ्या तयार होतात. त्यांचे वरचे भाग गर्भनलिका होतात. खालचे भाग एकमेकांना जुळतात, मधली भिंत विरून जाते आणि एकच गर्भपिशवी आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार होतो. योनीमार्गाचा खालचा भाग वेगळ्या ठिकाणाहून येतो आणि दोन्हींचा जोड मोकळा व्हावा लागतो. नळ्या तयारच झाल्या नाहीत तर पिशवी नसते. जुळल्या नाहीत तर पिशव्या दोन होतात. मधली भिंत राहिली तर पिशवीत पडदा राहतो आणि खालचा जोड उघडला नाही तर वाट बंद राहते.

अंडाशय मात्र वेगळे तयार होतात. म्हणून पिशवी नसलेल्या मुलीलाही छाती येते, आवाज आणि बांधा मुलीसारखाच असतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. मूत्रपिंडं याच सुमारास आणि याच शेजारात घडतात, त्यामुळे पिशवीचा दोष सापडला की मूत्रपिंड बघायलाच हवं.

हे सगळं गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत घडून गेलेलं असतं. आईनं ग्रहणात भाजी चिरली किंवा पपई खाल्ली म्हणून ते होत नाही. सासूबाई सोबत आल्या असतील तर हे वाक्य मी मुद्दाम मोठ्यानं बोलते.

पहिली पायरी: घरी काय बघायचं

तेरा वर्षांपर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, किंवा पंधरा पूर्ण झाली आणि पाळी नाही, किंवा छाती येऊन तीन वर्षं झाली तरी पाळी नाही: यातलं काहीही असेल तर तपासणी करा. पण वयापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुखण्याचा आहे. दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोटात कळा येतात, मग थांबतात, पुढच्या महिन्यात जास्त जोरानं येतात. कंबर भरून येते, संडासला त्रास होतो. याचा अर्थ पाळी येते आहे, पण बाहेर यायला वाट नाही. रक्त आत साठतंय. अशा मुलीची लघवी अचानक पूर्ण अडते आणि रात्री दोनला १०८ बोलवावी लागते, तेव्हा कुठे निदान होतं.

तोवर तिला जंताच्या गोळ्या, मुतखड्याचं औषध, "अपेंडिक्स असेल" असं सगळं होऊन गेलेलं असतं. मेळघाटात पोट फुगलं की डंबा, म्हणजे तापवलेल्या लोखंडाचा चटका, द्यायची जुनी रीतही आहे. आणखी एक प्रकार मला फार लागतो. ओटीपोटात गोळा दिसायला लागला की शेजारपाजार कुजबुजतो, आणि कधी घरचेही त्या कोवळ्या पोरीकडे संशयानं बघतात. पोटातला तो गोळा रक्त साठून फुगलेल्या योनीमार्गाचा आणि पिशवीचा असतो. लघवीची साधी तपासणी दहा मिनिटांत संशय मिटवते.

एक फसवा प्रकारही लक्षात ठेवा. पाळी वेळेवर येते, पण प्रत्येक पाळीत दुखणं वाढतच जातं आणि ते एकाच बाजूला असतं. इथे पिशव्या दोन असतात, एकीची वाट मोकळी आणि दुसरीची बंद. पाळी येते म्हणून कुणाला शंकाच येत नाही. सोनोग्राफीत "अंडाशयाची गाठ" असं लिहून येतं. त्याच बाजूचं मूत्रपिंड नसेल तर जवळपास निदान झालंच म्हणायचं.

दुसरी पायरी: तपासण्या, याच क्रमानं

सुरुवात बाहेरून बघण्यानं. आई किंवा सिस्टर सोबत असावी, मुलीला आधी सांगावं, तिची परवानगी घ्यावी. योनीच्या तोंडावरचा पडदा बंद असेल तर तिथे निळसर, ताणलेला फुगवटा दिसतो. आत बोट घालून तपासायची गरज नसते.

मग भरल्या लघवीत पोटावरून सोनोग्राफी. खालून करायची सोनोग्राफी अविवाहित मुलीला लागत नाही. चिठ्ठीवर "पोटदुखी" एवढंच लिहून पाठवू नये. गर्भपिशवी आहे का, एक की दोन, आत रक्त साठलंय का, दोन्ही अंडाशय दिसतात का आणि दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत का, एवढे प्रश्न त्यावर हवेतच. आशाताईंनी रिपोर्ट हातात आल्यावर मूत्रपिंडाची ओळ शोधावी. नसेल तर परत पाठवावं.

इथे एक सावधगिरी. "पिशवी दिसत नाही" असा एकच रिपोर्ट आला म्हणून मुलीला तसं सांगून मोकळं होऊ नका. जिची छातीची वाढच झालेली नाही, तिची पिशवी हार्मोनअभावी इतकी लहान असते की सोनोग्राफीत निसटते आणि हार्मोन दिल्यावर वाढते. उलटंही घडतं: पिशवी नसलेल्या मुलीच्या रिपोर्टवर "लहान पिशवी" लिहिलं जातं आणि वर्षभर पाळी आणायच्या गोळ्या चालतात. म्हणून शंका असेल तिथे, आणि साध्या बंद पडद्याशिवाय दुसरा कुठलाही दोष वाटत असेल तिथे, ऑपरेशनआधी एमआरआय हवाच. योनीमार्गातला आडवा पडदा किती जाड, पिशवीला तोंड आहे का, हे त्यातच नीट कळतं.

पिशवी नसेल तर रक्तातून हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी करावी. काही मुलींमध्ये गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे एरवी मुलांमध्ये असतात तशी, निघतात. पोटात किंवा जांघेत वृषणं असतात, पण शरीर त्यांच्या हार्मोनला दाद देत नाही. लहानपणी दोन्ही जांघांत हर्नियासारखी गाठ आल्याचा इतिहास कधी कधी मिळतो. ती मुलगी म्हणून वाढली आहे आणि मुलगीच आहे, हे डॉक्टरनं आधी सांगावं, गुणसूत्रांचं मग. ही वृषणं पुढे काढायची की नाही, हा निर्णय बहुधा वयात येऊन गेल्यावर होतो.

आणि विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी विसरून चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरकडे हा आजार बराच आहे. साधी सोल्युबिलिटी तपासणी सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण हे ठरवावं आणि भूलतज्ज्ञाला आधी कळवावं. अशा मुलीला ऑपरेशनआधी उपाशी ठेवताना सलाइन सुरू ठेवावं लागतं, थिएटरात थंडी वाजू द्यायची नसते आणि ऑक्सिजन कमी होऊ द्यायचा नसतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर तातडी नसलेलं ऑपरेशन आधी रक्त भरून येईपर्यंत थांबवावं.

तिसरी पायरी: घाईचं काय, सवडीचं काय

रक्त अडलेलं असेल तर घाई. जितके महिने ते साठेल तितकं ते नळ्यांतून पोटात उतरतं, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, पुढे मूल राहायला अडचण येते. आणि कुणीही, कुठल्याही दवाखान्यात, "थोडं काढून बघू" म्हणून सुई घालू देऊ नका. सुईच्या बारीक छिद्रातून घट्ट रक्त पूर्ण निघत नाही, पण जंतू मात्र आत जातात आणि रक्ताचा पू होतो.

रक्त अडलेलं नाही, पिशवीच नाही, योनीमार्ग आखूड आहे: इथे काडीची घाई नाही. तारीख मुलीनं ठरवायची, लग्नाच्या मांडवानं नाही.

मधला एक गट आहे. जाड आडवा पडदा आहे, रक्त अडतंय, पण मुलगी बारा वर्षांची आहे आणि ऑपरेशननंतरची निगा तिला झेपणार नाही. लघवी अडलेली नसेल तर तज्ज्ञ काही महिने गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवतात. या गोळ्या पाळी आणायच्या गोळ्यांहून वेगळ्या, मेडिकलवरून मनानं घ्यायच्या नाहीत.

चौथी पायरी: कोणत्या दोषाला कोणतं ऑपरेशन

*बंद पडदा.* हे सगळ्यात सोपं, आणि निदान पक्कं असेल तर भूलतज्ज्ञ असलेल्या उपजिल्हा रुग्णालयातही होतं. थोड्या वेळाची भूल देतात, नळीनं लघवी काढतात, फुगवट्यावर क्रॉससारखा छेद घेतात. डांबरासारखं काळपट, घट्ट रक्त स्वतःच्या जोरानं बाहेर येतं, कधी अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त. सहाय्यकाला वरून पोट दाबायचा मोह होतो, तो आवरावा, कारण दाबलं की रक्त नळ्यांतून वर जातं. आत पिचकारीनं धुवायचंही नाही. कडा कापून विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवल्या की काम झालं. मुलगी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जाते. पुढे काही दिवस तपकिरी रक्त जातच राहतं, त्याला घाबरू नये. ताप आला, घाण वास आला किंवा दुखणं परत सुरू झालं तर परत यावं. महिना-दीड महिन्यानं एक सोनोग्राफी.

"पडदा फाडला तर लग्नात काही होणार तर नाही ना," हा प्रश्न आई दाराबाहेर गाठून विचारतेच. पडद्यावरून कौमार्य ठरत नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ मध्ये कौमार्याच्या खुणांचा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळला. तरीही मनाला बरं वाटावं म्हणून डिस्चार्ज कार्डावर दोषाचं आणि ऑपरेशनचं नाव स्पष्ट लिहून घ्या.

*आडवा पडदा.* बाहेरून बंद पडद्यासारखाच वाटू शकतो, पण हा आत वरच्या बाजूला असतो आणि जाड असू शकतो. समोर लघवीची पिशवी, मागे गुदाशय, आणि मध्ये अंदाजानं चालवलेली सुरी. तालुक्याला "कापून बघू" हा प्रयोग करू नये, थेट मेडिकल कॉलेजला पाठवावं. पडदा पूर्ण काढून वरची-खालची कातडी जोडावी लागते आणि नंतर डायलेटर (वाट मोकळी ठेवणारा गुळगुळीत दांडा) वापरला नाही तर वाट पुन्हा आवळते. एकदा बिघडलेल्या ठिकाणचं दुसरं ऑपरेशन पहिल्याच्या दुप्पट अवघड असतं.

*दोन पिशव्या, एक वाट बंद.* मधला उभा पडदा खालूनच काढतात, शक्यतो एकाच बैठकीत. पिशवी काढायची सहसा गरज नसते. कुणी "एक पिशवी काढून टाकू" म्हणालं तर दुसरं मत घ्या.

*अर्धी पिशवी आणि सोबत छोटं शिंग.* शिंग म्हणजे पिशवीची अर्धवट वाढलेली दुसरी बाजू. त्यात पाळीचं अस्तर असेल तर दुर्बिणीनं ते नळीसकट काढतात, आणि तेही मूल राहायच्या आधी. तिथे गर्भ राहिला तर बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते फुटून जिवावर बेतू शकतं.

*पिशवीचं तोंडच नसणं.* दुर्मिळ आणि अवघड. नवी वाट करता येते, पण ती बंद होण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. काही मुलींमध्ये पिशवी काढावी लागते. हे फक्त अनुभवी केंद्रात.

*पिशवीतला उभा पडदा.* लग्नानंतर वारंवार गर्भपात झाले की सापडतो. दुर्बिणीनं कापता येतो. पण ही पडद्याची पिशवी की दोन शिंगांची, हे आधी थ्रीडी सोनोग्राफीनं किंवा एमआरआयनं ठरवायला हवं, नाहीतर पिशवीला भोक पडतं. २०२१ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पडदा कापल्यानं मूल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. चाचणी लहान होती, वाद अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर एकही गर्भपात न झालेल्या बाईचा पडदा, फक्त दिसला म्हणून कापू नये. दोन शिंगांच्या पिशवीला तर बहुतेक वेळा हात लावायची गरजच नसते.

पिशवी आणि योनीमार्ग नसलेली मुलगी

यावर जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीला हा दोष असतो. पहिली गोष्ट तिला आणि आईला स्वच्छ सांगायची: ऑपरेशननं योनीमार्ग तयार होतो. पाळी येत नाही, मूल पोटात वाढत नाही. हे न सांगता ऑपरेशन केलं की सहा महिन्यांनी आई परत येते, "बाई, पाळी त नाईच आली अजून."

दुसरी गोष्ट, पहिला उपाय ऑपरेशन नाही. डायलेटर हा गुळगुळीत, वाढत्या मापाचा दांडा असतो. सिस्टर किंवा डॉक्टर आरसा धरून पहिल्यांदा दाखवतात, कारण चुकून लघवीच्या वाटेवर दाब पडता कामा नये. लहान मापापासून सुरुवात करायची, पाण्यात मिसळणारी जेली लावायची, योनीच्या जागच्या खळग्यावर खाली-मागे, माकडहाडाच्या दिशेनं, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतकाच दाब द्यायचा. रोज एक-दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, काही महिने. नेटानं केलं तर दहातल्या नऊ जणींना एवढ्यानंच पुरेशी लांबी मिळते. डायलेटरऐवजी घरातली कुठलीही वस्तू वापरू नये. अट एकच, मुलीची स्वतःची तयारी हवी. आईनं दाराबाहेर घड्याळ लावून बसायचं हे काम नाही.

डायलेटर जमलाच नाही तर ऑपरेशन. आपल्याकडे जास्त चालतं ते मॅकिंडो पद्धतीचं. लघवीची पिशवी आणि गुदाशय यांच्यामध्ये जागा मोकळी करतात. मांडीची पातळ कातडी, किंवा तपासलेल्या एखाद्या बाळंतिणीच्या सिझेरियनमधून घेतलेलं वारेचं पातळ आवरण, स्पंजच्या साच्यावर बसवून आत ठेवतात. साच्याला कंडोम घातलेला असतो. आठवडाभर लघवीची नळी आणि पडून राहणं, मग थिएटरात साचा काढून आत बघतात. पुढे साधारण तीन महिने साचा दिवस-रात्र, नंतर रात्री. इथेच घोडं अडतं. साचा चार दिवस काढून ठेवला तरी वाट आवळायला लागते.

दुर्बिणीनं पोटाच्या आतल्या आवरणाचा किंवा आतड्याचा तुकडा वापरूनही मार्ग करतात. आतड्याचा मार्ग सहसा आवळत नाही, पण पोटाचं मोठं ऑपरेशन होतं आणि चिकट स्राव कायम राहतो. कुठली पद्धत, यापेक्षा तो सर्जन ती पद्धत नेहमी करतो का, हे विचारा.

मॅकिंडोची तारीख शक्यतो मे महिन्यात घेऊ नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मांडीची जखम घामानं चिघळते. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांतही नको, कारण घरी सोबत राहायला कुणी नसतं आणि पोरीलाही दीड-दोन महिने कापसाचं गाठोडं उचलता येणार नाही. साचा साबण-पाण्यानं धुवून कोरडा ठेवायचा. कंडोम लावलेल्या साच्याला जवसाचं, शेंगदाण्याचं तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, रबर विरतं. एका खोलीच्या घरात हे सगळं करायला आडोसा लागतो. न्हाणीला कडी बसवणं हाही उपचाराचाच भाग समजा.

लग्नाआधी सांगायचं की नाही? सांगावं, असं मी म्हणते. पण सांगायचं मुलीनं, तिच्या इच्छेनं. तिच्या परवानगीशिवाय डॉक्टरनं सासरच्यांना काही सांगू नये. मुलाचे मार्ग आहेत: दत्तक आहेच. तिची बीजं चांगली असतात, त्यामुळे सरोगसी शक्य आहे, मात्र २०२१ च्या कायद्यानुसार ती पैसे देऊन करता येत नाही. पुण्यात २०१७ मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, पण तो खर्च आणि ती औषधं बघता आपल्या भागासाठी तो आज सहज हाताशी येणारा मार्ग नाही.

पाचवी पायरी: जायचं कुठे, कागद कोणते

नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी मेघे, तसंच यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय महाविद्यालयं. शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अठरा वर्षांपर्यंतच्या मुलीचं सांगता येतं, ते पुढे पाठवतात. रेशन कार्ड आणि मुलीचं व पालकाचं आधार सोबत घ्या. भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का ते विचारा, कारण मंजुरी आधी लागते. अठराखालील मुलीसाठी सही आई-वडिलांची, पण मुलीला वेगळं बसवून समजावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एकच मूत्रपिंड निघालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला आयुष्यभर सांगायचं, आणि अंगदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी दुकानातून मनानं घ्यायची नाही. पडद्याचं मोठं ऑपरेशन झालेल्या मुलीची पुढे बाळंतपणाची नोंदणी मोठ्या रुग्णालयातच करा. तेव्हा डॉक्टरला ऑपरेशन नोट लागते, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, म्हणून निघतानाच तिची प्रत मागून घ्या. एमआरआयची सीडीही मागा. सोनोग्राफीचा फोटो लॅमिनेट करू नका, मशीनच्या उष्णतेनं तो कागद काळा पडतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि तो मोबाइल मुलीचा किंवा आईचा असू द्या, गावातल्या ग्रुपवर असलेल्या काकांचा नको.